बरणीतल्या चिठ्ठ्या

मोरिवलीतल्या सगुणाबाईला कुणी विचारलं, "काय काकी, बरं हाय ना?" की तिचं उत्तर ठरलेलं असे, "चाललंय कसंतरी." भात चांगला पिकला तरी कसंतरी, गुडघा दुखायचा थांबला तरी कसंतरीच. मुलाचं लग्न ठरलं आणि व्याही बदलापूर गावातून पेढे घेऊन आले, तेव्हाही तिनं असा चेहरा केला होता की घरात कुणी आजारी आहे काय, असं त्यांनी हळूच विचारलं. बाईला आनंद होत नसे असं नाही. चांगला भरपूर होत असे. पण चोरलेली वस्तू लपवावी तसा तो ती पदराखाली लपवायची.

त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी, पौषातल्या एका सकाळी तिचा नवरा जयदेव ओट्यावर उन्हाला पाठ करून चहा पीत बसला होता. सुट्टीचा दिवस, अंगणात वाल सुकत घातलेले, पोरगा शेजारी गोट्या खेळत होता. जयदेव म्हणाला, "सगुणा, आज काय मस्त वाटतंय बघ. आपल्याला काय कमी नाय." आणि खुशीत हसला. आठव्या दिवशी कंपन्यांच्या रस्त्यावर टँकरनं त्याला उडवलं. लोकांनी टँकरला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या, पळून गेलेल्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगुणाबाईनं कुणालाच बोल लावला नाही. काय झालं ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानं सुख तोंडातून बाहेर काढलं, आणि त्याला दृष्ट लागली.

तेव्हापासून या घरात कशाला म्हणून कुणी चांगलं म्हणत नसे. मुलगा कल्पेश तर त्याच वळणावर वाढला. कालवण फक्कड जमलं तर तो मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेई, एवढीच त्याची पावती. सून मीनल नवी होती तेव्हा एकदा चुकून म्हणाली, "आई, भाकऱ्या काय मऊ झाल्यात!" सगुणाबाईनं तिथल्या तिथं तव्याची काजळी बोटावर घेतली आणि भाकरीलाच तीट लावली. मीनलनं काळी तीट लावलेली ती भाकरी खाल्ली आणि पुढं कानाला खडा लावला.

अशा घरात नाताळच्या सुट्टीत ती बरणी आली.

आणली नातीनं. रिद्धी चौथीत होती, अंबरनाथच्या इंग्रजी शाळेत. तिच्या मॅडमनी सुट्टीचा अभ्यास दिला होता: रोज एक चिठ्ठी लिहायची, आज कुठल्या छोट्या गोष्टीनं बरं वाटलं ती, आणि घडी करून बरणीत टाकायची. शाळा उघडली की सगळ्यांनी आपापली बरणी वर्गात न्यायची. कॉफीची रिकामी बाटली धुऊन, झाकणाला लाल कागद चिकटवून रिद्धीनं ती फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली. सगुणाबाईला आधी वाटलं, पोरीनं खाऊची सोय केली.

पहिली चिठ्ठी रिद्धीनं मोठ्यानं वाचून दाखवली, "आपली कोंबडी मी उठायच्या आधी अंडं देते आणि ते हातात घेतलं की गरम असतं. थँक यू, कोंबडी." दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी मुंगसानं नेली. अंगणात पिसं तेवढी उरली.

दुसरी चिठ्ठी होती, "आजी मला उन्हात बसवून केसांना तेल लावते तेव्हा मला झोप येते. थँक यू, आजी." सगुणाबाई ते ऐकून मनातल्या मनात सुखावली, आणि सुखावली म्हणून त्याच क्षणी धास्तावली. दुसऱ्या दिवशी मोरीत तिचा पाय घसरला. उजवं मनगट टम्म सुजलं. मीनल उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या दुकानात बिलं करायची, तिनं येताना मलम आणलं. "शेवाळ साठलंय आई तिथं, कधीचं म्हणतेय मी," असं ती म्हणाली. सगुणाबाईनं मान डोलावली. शेवाळ तर वर्षभर होतं. पाय आजच कसा घसरला?

"ह्यापुढं मोठ्यानं वाचाचा नाय," तिनं रिद्धीला बजावलं. "काय लिवाचं ते लीव, पन तोंडातून काढू नको."

तिला वाटलं, बोललं नाही म्हणजे दृष्टीला कळणार नाही. पण इथंच बाई फसली. कारण आता रोज संध्याकाळी पोरगी वहीचा कागद फाडी, कोपऱ्यात बसून लिही, घडी करी, झाकण उघडून आत टाकी. आणि आत काय पडलं ते सगुणाबाईला कळेना. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडली की फळीवरची ती बाटली डोळ्यांपुढं यायची. आता पुढं कोण? मीनल? की तो?

तो म्हणजे कल्पेश. गावाच्या कुंपणालाच लागून असलेल्या केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता, पहिली पाळी, सकाळी सात ते साडेतीन. मोरिवलीच्या माणसांना कंपन्यांची सवय होती. कुठल्या दिवशी कुजक्या अंड्यांचा वास, कुठल्या दिवशी कडू बदामाचा, हे पोरंसुद्धा सांगत. थंडीत तर वास वर जातच नाही, धुक्याबरोबर अंगणात बसून राहतो. त्याची भीती कुणी रोज उठून बाळगत नाही, नाहीतर जगायचं कसं? पण सगुणाबाई बाळगायची. नवरा त्या रस्त्यानं खाल्ला, मुलगा त्याच रस्त्यानं रोज जात होता.

"पप्पांचं काय लिवलंस काय गं?" तिनं एकदा रिद्धीला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सीक्रेट आहे, आजी," रिद्धी हसली.

त्या हसण्यावरून सगुणाबाई काय ते समजली. पोरीनं लिहिलं असणार. न लिहील कशी? बापावर जीव आहे तिचा.

तीस तारखेला दुपारी तिनं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी कल्पेश दरवर्षीसारखी पोपटी लावणार होता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी घालायची, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा, आणि शेकत बसून गरमागरम शेंगा सोलायच्या. शेंगा काढायला रिद्धी शेजारच्या रखमाबरोबर कंपन्यांना देऊन उरलेल्या वावराच्या पट्टीत गेली होती. घरात कुणी नव्हतं. सगुणाबाईनं बरणी उतरवली, झाकण उघडलं आणि चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या. पाच होत्या. पाचही सारख्या, निळ्या पेनानं लिहिलेल्या. यातली पोराची कुठली? तिनं एकेक उलटीसुलटी करून पाहिली. रखमाच्या सुनेकडून वाचून घ्यावं, तर ती मोठ्यानं वाचणार, आणि मग सगळंच संपलं.

शेवटी तिनं पाचही उचलल्या आणि मागच्या अंगणात अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. निखारे होतेच. कागद क्षणात काळे झाले. मग तिनं जुन्या कॅलेंडरचा एक महिना फाडला, त्याचे पाच तुकडे करून तशाच घड्या घातल्या आणि बरणीत टाकून झाकण लावलं. हे सुचल्याबद्दल तिला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून तिनं लगेच तीन वेळा थुंकल्यासारखं केलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा दगड उतरला.

तो हलकेपणा दोन तासही टिकला नाही.

साडेतीनचा भोंगा झाला. चार वाजले. कल्पेश गेटवरून वळसा घालून पायी येतो, वीस मिनिटांत दारात असतो. सव्वाचार झाले. रिद्धी शेंगांची पिशवी घेऊन आली आणि डोळे चोळत म्हणाली, "आजी, कसला स्मेल येतोय? डोळे जळतायत."

वास नेहमीचा नव्हता. तिखट होता, नाकातून थेट घशात उतरणारा. तेवढ्यात कंपनीचा भोंगा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी थांबेना. वाडीतून भूपेश धावत आला, कल्पेशचा मित्र, पलीकडच्या कंपनीतला. तोंडाला ओला टॉवेल बांधलेला.

"काकी, आत जा! दारंखिडक्या लावा! कल्पेशच्या कंपनीत गॅस सुटलाय."

"माझा पोर?"

भूपेशनं आधी तोंडावरचा टॉवेल खाली ओढला. त्या क्षणात सगुणाबाई मेली म्हणा ना.

"दुसऱ्या पाळीवाला आला नव्हता. त्याच्या जागी कल्पेश थांबला होता. आतच होता तो, काकी. गेटवर कुणाला सोडत नायत. मी बघतो, तुम्ही पोरीला घेऊन आत जा."

तिनं दार लावलं. फटींत ओली लुगडी खुपसली, खिडकीला चादर लावली, रिद्धीच्या तोंडावर ओला पंचा धरला. हे सगळं तिच्या हातांनी आपोआप केलं, सुजलेल्या मनगटासकट. डोकं मात्र एकाच जागी अडकलं होतं. पोराचं नाव चुलीत घातलं. आपल्या हातानं, जिवंत पोराचं नाव जाळलं. कागद क्षणात काळे झाले होते, ते तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

रिद्धी फोन लावत होती. कल्पेशचा बंद. कंपनीत फोन गेटवर जमा करावे लागतात, हे दोघींनाही माहीत होतं, तरी रिद्धी लावत राहिली. मीनलचा लागला. ती स्टेशनजवळ अडकली होती. रिक्षावाले मोरिवलीचं नाव काढताच नको म्हणत होते. "आई, ह्यांचं काही कळलं?" एवढंच ती विचारत होती. सगुणाबाईला "नाय" म्हणवेना. तिनं फोन रिद्धीकडे दिला.

खोलीत अंधारून आलं, पण गॅसच्या भीतीनं तिनं दिवा लावला नाही. भोंगा चालूच होता. बाहेर कुणीतरी पळालं, कुणाचं तरी मूल खोकत खोकत रडलं. रिद्धी फळीवरून बरणी घेऊन आली आणि मांडीत घट्ट धरून बसली.

"मी वाचते, आजी. मनात वाचते. मॅडम बोलल्या होत्या, भीती वाटली तर वाचायचं." तिनं झाकण उघडलं, एक घडी सोडली. मग दुसरी. मग तिनं मान वर केली. "ये क्या है? हे तर कॅलेंडर आहे. माझ्या चिठ्ठ्या कुठंयत?"

सगुणाबाईला खोटं बोलता आलं असतं. पण आता कशासाठी बोलायचं?

"जालल्या मी," ती म्हणाली. "चुलीत घातल्या. मना भ्या वाटत व्हता गं, बाय. तुझी कोंबडी गेली, माझा हात गेला. पुढं तुझ्या पप्पांचा नंबर लागंल असा वाटला. म्हून जालल्या. त्याची कंची ते कलेना, म्हून सगल्या. आनि आता..." ती कपाळावर हात मारून घ्यायला लागली.

रिद्धीनं तिचा हात धरला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गॅसचं की रागाचं ते कळत नव्हतं.

"पप्पांची चिठ्ठी नव्हतीच त्यात."

"काय?"

"नव्हतीच. पप्पांनीच सांगितलेलं. माझं काय लिहू नको, आजीला कळलं तर तिला झोप नाय लागणार." रिद्धीनं नाक पुसलं. "मी विचारलं, पप्पा, तुम्हाला वाईट नाय वाटणार? सगळ्यांची चिठ्ठी आणि तुमचीच नाय? तर बोलले, मला सवय आहे. आजीनं मला कधी चांगला म्हटलं नाय, तरी मी झालो ना मोठा."

सगुणाबाई भिंतीला टेकली. म्हणजे पोराचं नाव जळलं नव्हतं. याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोराचं नाव जळलं नव्हतं, कारण ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. या घरात, या गावात, एका कागदाच्या तुकड्यावरही नव्हतं. बावीस वर्षं तिनं त्याला दृष्टीपासून जपलं होतं, आणि तसं जपता जपता पोराला गोड शब्दाला उपाशी ठेवलं होतं. आणि तो तक्रार न करता त्याची सवय करून घेऊन बसला होता. तो आता तिथं आत पडला असेल, तर आपल्या आईला आपलं काही बरं वाटलं होतं हे न कळताच गेला असेल.

गॅसपेक्षाही याची भीती मोठी होती.

"लीव," ती म्हणाली.

"काय?"

"मी सांगते ते लीव. त्या कॅलेंडरच्या मागं कोरं हाय, तिथं लीव. लवकर."

रिद्धीनं पेन शोधलं. मोबाइलच्या उजेडात कागदाचे तुकडे पालथे केले. सगुणाबाईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बोललं की काहीतरी होणार, छप्पर पडेल, दारावर थाप पडेल आणि भूपेश मान खाली घालून उभा असेल. बावीस वर्षं जे केलं नव्हतं ते आजच, या घडीला करायचं, म्हणजे विहिरीत उडी घेण्यासारखं होतं. तिनं नातीचा गुडघा पकडला.

"कल्पेश," ती म्हणाली. "कल्पेश पहिल्या पालीला जातो. साडेपाचला उठतो. बाहेर कालोख असतो. जाताना माझ्याजवल येतो आनि माझ्या अंगावरची गोधडी सारखी करतो. पायावर ओढतो. रोज. त्याचा बाबा गेल्यापासून, आधी शालेला जाताना आनि आता पालीला. त्याला वाटतं मी झोपलेय." तिनं कागदाकडं बघितलं. "लिवलंस?"

"झोपलेय... हो."

"मी झोपलेली नसते. मी त्याचीच वाट बघत असते. गोधडी मुद्दाम खाली सारून ठेवते. तेवढ्यासाठी. हे पन लीव."

रिद्धी लिहीत राहिली. सगुणाबाईनं आणखी सांगितलं. पोपटीतल्या कोवळ्या शेंगा तो तिच्या ताटात टाकतो आणि जून आपण खातो. तिच्या चपलेचा अंगठा तुटला तर न सांगता शिवून आणतो. कालवण आवडलं की वाढून घेताना खाली बघतो, आणि तो खाली बघतो ते तिला आवडतं. बोलताना ती दाराकडे बघत होती, प्रत्येक वाक्याला काहीतरी कोसळायची वाट पाहत. काही कोसळलं नाही. भोंगा तेवढा वाजत राहिला, आणि मग कधीतरी तोही थांबला. ती शांतता भोंग्याहून वाईट होती. दोघी एकमेकींना धरून बसल्या. सात वाजले. साडेसात. सगुणाबाईला वाटायला लागलं, झालं, आपण बोललो आणि झालं. पण बोललेलं परत घ्यावं असं मात्र तिला वाटलं नाही.

सव्वाआठला दाराला धक्का बसला.

"आये, कडी काढ," बाहेरून आवाज आला. घोगरा, ओळखू न येण्यासारखा. पण आये म्हणणारा एकच होता.

कल्पेश आत आला. डोळे लालभडक, अंगावर कंपनीचा ओला शर्ट, मागं वाटेत त्याला भेटलेली मीनल. तो खाली बसला आणि खोकत राहिला. वॉल्व्ह फुटला होता, वारा गावाकडं होता म्हणून सगळ्यांना उलट दिशेला डोंगराच्या बाजूनं पळवलं, तिथं डॉक्टरनं तपासून दोन-तीन तास बसवून ठेवलं, दोघांना दवाखान्यात नेलंय पण ते शुद्धीवर आहेत, असं तो तुटक तुटक सांगत होता. मीनल त्याच्या पाठीवर हात ठेवून रडत होती. सगुणाबाई लांब उभी होती. तिला भीती वाटत होती, की आपण हललो तर हा दिसेनासा होईल.

रिद्धीनं बापाच्या हातात कागदाचे तुकडे ठेवले. "पप्पा, हे आजीनं सांगितलं. मी फक्त लिहिलं."

मीनलनं लावलेल्या ट्यूबलाइटखाली त्यानं ते वाचले. डोळ्यांतून पाणी गळत असल्यामुळं त्याला वेळ लागत होता. एका तुकड्याशी तो थांबला. पुन्हा वाचला. मग आईकडं बघितलं. लहानपणी जत्रेतून काही आणलं की जसा बघायचा, तसा.

"तू जागी असतेस?"

सगुणाबाईचं बोट आपोआप चुलीकडं वळलं, काजळीसाठी. पोराचा चेहरा इतका उजळलेला तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि असला चेहरा उघडा सोडायची तिला हिंमत नव्हती. मग तिनं हात पदरात गुंडाळून घेतला.

"कंपनी कवा उघडनार?" तिनं विचारलं.

"एक तारखेला बोलतायत."

"पहिलीच पाली?"

"पहिलीच."

"मग त्या दिवशी गोधडी सारखी केलीस की लगीच निघू नको," सगुणाबाई म्हणाली. "जरा थांब. मी डोले उघडीन."